वरच्या गाठीचं टोक

प्रिय बारके,

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. रोज कागद काढते, ‘प्रिय बारके’ लिहिते, आणि पुढे सुचत नाही म्हणून त्याच कागदावर कुणाच्या धनुष्याची दोरी किती इंचाची ते टिपून ठेवते. आज दुकान बंद आहे, बाबा खुर्चीत डुलक्या घेतायत. आज पूर्ण करतेच.

आपलं धनुष्यदुरुस्तीचं दुकान आहे तसंच आहे. समोर छापखान्याची भिंत, त्यामुळे भर दुपारी दिवा लावावा लागतो. खाली दुकान, वर आपल्या दोन खोल्या, मध्ये तो अरुंद जिना. दिवसातून वीसदा चढते-उतरते, पण कधीकधी दोन-दोन दिवस पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन या महिन्यात वर्ष झालं. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. बोलणं सुधारलंय, पण एकेक शब्द खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर येतो. तरी दाढी झाली की खाली यायचंच. माझ्या टेबलासमोर बसतात आणि माझ्या हातांकडे बघत राहतात. तुला वाटेल, बिचाऱ्यांचा तेवढाच विरंगुळा. तसं नाही गं. कुणी दिवसभर आपल्या हातांकडे बघावं आणि चकार शब्द काढू नये, म्हणजे काय होतं ते मला विचार.

गेल्या महिन्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. साठीच्या, नुकत्याच निवृत्त. “घरी बसले असते तर सगळ्यांनी नातवंडं आणून टाकली असती, म्हणून धनुष्य घेतलं,” असं त्याच म्हणाल्या. नव्याकोऱ्या, चाकांच्या कंपाउंड धनुष्याच्या दोरीला लूप, म्हणजे ती ओढायचा धाग्याचा छोटा फास, बांधायचा होता. बघायचंय म्हणून टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. मग मी बाबा आपल्याला सांगायचे तसं सांगत गेले. आधी गुण्या लावून दोरीवर बाणाची जागा ठरवायची. मग जाड धाग्याचा वीतभरही नाही एवढा तुकडा कापायचा आणि त्याचं एकेक टोक लायटरवर धरायचं, वितळून मिऱ्याएवढी गुंडी होईपर्यंत. एक गाठ बाणाच्या वर, एक खाली; एकीचं टोक डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. बाणाची खाच मध्ये सैलसर बसली पाहिजे, चिमटता कामा नये. शेवटी मिटलेली पक्कड लूपच्या आत घालून तिचे जबडे उघडायचे आणि गाठी करकचून बसवायच्या. बाई म्हणाल्या, “म्हणजे मनगटाला बांधलेल्या ट्रिगरचा आकडा या लूपला अडकवायचा, आणि ओढताना सगळा भार या गुंडीवर? ही निसटली तर?” मी तोंड उघडायच्या आत समोरून बाबा बोलले. “लहान... नको.” एवढंच. बाईंना वाटलं, म्हातारे मला शिकवतायत; त्या कौतुकाने हसल्या. लायटर खाली ठेवून मी पाणी प्यायच्या निमित्ताने वर गेले आणि जिन्यातच बसले.

बारके, आता तुझ्या त्या निवड चाचणीच्या आदल्या दिवसाचं सांगते. तुझा जुना लूप झिजून लव सुटली होती. दुपारी तू धनुष्य टेबलावर ठेवलंस आणि बूट आणायला गेलीस. त्याच सकाळी माझं नोकरीचं पत्र आलं होतं. कारखान्यात मोजमाप तपासायचं काम, राहायला खोली, पंधरा दिवसांत हजर व्हा. मी ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा न लावताच घडी घातली आणि म्हणाले, “बारकीची चाचणी होऊ दे, मग बघू.” आई गेल्यापासून मी हेच ऐकत होते. बारकीची परीक्षा होऊ दे, बारकीची स्पर्धा होऊ दे. तुझा दोष नव्हता, पण त्या दुपारी मला तुझा राग आला होता. इतका, की तुझं धनुष्य शिकंज्यात अडकवताना मी ते आदळलं.

बाबांची बोटं तेव्हा थरथरायला लागली होती, हे साऱ्या मैदानाला माहीत होतं. म्हणून लूप मीच बांधला. वरच्या गाठीचं टोक जाळलं आणि लायटर लवकर विझवला. गुंडी लहान झाली होती. मला दिसली, बारके. मोहरीएवढी होती. धागा वाया गेला असता, नवा कापायला दोन मिनिटं लागली असती. मी मनात म्हटलं, चालेल. पक्कड लावून ताणलाही नाही, मागच्या गल्लीत पाच-दहा बाण मारून बघितले नाहीत. तू आलीस, धनुष्य उचललंस, माझ्या गालाला गाल लावून गेलीस.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिसऱ्या फेरीत दोरी निम्मी ओढली होतीस, भार सगळ्यात जास्त असतो तिथेच गाठ सुटली. तुझीच मूठ तुझ्या तोंडावर बसली, हात मागे फेकला गेला, खांद्याचा स्नायू फाटला. मी कठड्याबाहेर उभी होते. तुझ्या ओठातून रक्त यायला लागलं, तरी मी कठडा ओलांडला नाही. पंचांनी धनुष्य उचलून विचारलं, “हा लूप कुणी बांधला?” मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, उघडलं होतं. पण बाबा पुढे झाले आणि थरथरता हात वर करून म्हणाले, “मी.” कुणालाच नवल वाटलं नाही. तुलाही नाही.

दवाखान्यात तुला आत नेल्यावर मी त्यांना म्हटलं, मी सांगते तिला. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. म्हणाले, “तिला आई नाही. आता ताईपण काढून घेऊ नकोस. बाप गेला तरी तिचं निभेल.” आणि वचन घेतलं. मी दिलं. खरं सांगू? दिलं तेव्हा मला हायसं वाटलं. त्याचीच शिक्षा भोगते आहे. तू घर सोडलंस, त्यांचं तोंड न बघता. मला मात्र दर महिन्याला पत्र, माझ्या वाढदिवसाला शाल. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही. नोकरीचं पत्र पुन्हा काढलं नाही. दाराला बाहेरून कडी नाही, मला कुणी कोंडलेलं नाही. पण पाऊल बाहेर टाकलं की वाटतं, त्यांना त्या खोटेपणात एकटं टाकून कुठे निघालीस?

आणि आता तुझं हे पत्र. तू दोन खोल्यांचं घर घेतलंस, माझ्यासाठी पलंगसुद्धा आणलास. “बाबांना एखाद्या चांगल्या आश्रमात ठेव आणि तू ये. माझा खांदा त्यांनी घेतला, तुझं आयुष्य घेऊ देऊ नकोस.” मी ते वाचून टेबलावरच विसरले. परत खाली आले तर बाबांच्या डाव्या हातात ते होतं. डोळे कोरडे होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “जा.” मग बराच वेळ ओठ हलत राहिले. मी वाट बघितली. “सांगू... नको. जा.” माझ्या सुटकेसाठी अजूनही ते गुन्हेगार राहायला तयार होते. बारके, मी बॅग भरली होती गं. दोन दिवस ती दारापाशी होती. मग साड्या परत कपाटात लावल्या. त्या घरात, तू आणलेल्या पलंगावर, मला एक रात्रही झोप लागली नसती. म्हणून वचन मोडून हे लिहिते आहे. मला माफ कर असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी त्या दुपारीच घालवला. माझ्यावर रागाव, पत्रं बंद कर, पलंग विकून टाक. पण दुकानाच्या फोनवर एकदा फोन कर. अकराच्या सुमाराला कर. तेव्हा मी बाजारात जाईन आणि फोन तेच उचलतील. पलीकडून कुणी बोलत नाही असं वाटेल. ठेवू नकोस. त्यांना ‘बारके’ म्हणायला थोडा वेळ लागतो.

आजवर जिला तू आपली समजत आलीस, ती तुझीच
ताई