शेवटचं जुनं यंत्र

प्रिय ताई,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर बोलायला लागलो की माझी गाडी घसरते, म्हणून लिहितोय.

तू सोडून गेलेल्या खुर्चीवर आता मी बसतो. दहावीला शाळा सोडलेल्या भावाला तू ऑफिसात आणलंस, तेव्हा सगळे गालात हसले होते. एपीआय म्हणजे काय, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, परक्या यंत्रांना दिलेला शब्द. ती काय विचारतील आणि आपण काय उत्तर देऊ, ते ठरलेलं. शब्द फिरवायचा असेल तर नवी आवृत्ती काढायची, आणि जुनी बंद करायच्या आधी वर्षभर सांगायचं. मला सगळं कळलं नव्हतं, पण ऐकताना बरं वाटलं होतं.

आता ती पहिली आवृत्ती, तुझ्या हातची, बंद व्हायची आहे. साहेबांना घाई होती. म्हणाले, महिनाअखेरीला टाका बंद, ही आवृत्ती आहे की आजेसासूबाई, किती मानपान करायचा? मी घाबरत घाबरत तुझा नियम वाचून दाखवला. साहेब वैतागले, तुझी ताई गेली पण मानगुटीवर तू बसलास. पण वर्षाची मुदत दिली. ताई, तू नसतानाही तुझा शब्द चालतो.

तुझी तालमीची पद्धतही पाळली. आधी कळवून, भर दिवसा, थोडा वेळ जुनी आवृत्ती बंद ठेवायची. म्हणजे कोणी अजून तिच्यावर विसंबून असेल तर वेळीच जागं होईल. काल सकाळी तालीम घेतली. सगळीकडे सामसूम. फक्त एक यंत्र पुन्हापुन्हा दार ठोठावत राहिलं. त्याचा पत्ता शोधला, तर आपलंच घर.

आईची गोळ्यांची डबी, ताई, गोळीच्या वेळी घंटी वाजवणारी. तू जोडून दिलेली. मी लगेच घरी फोन लावला. हृदयाची गोळी घेतलीस का? तर म्हणते, अजून चिमणी कुठे बोललीय? वेळ टळून गेली होती. भिंतीवरच्या घड्याळावर तिचा विश्वास नाही, तुझ्या घंटीवर आहे. घंटीला ती तुझ्या लहानपणच्या नावानेच हाक मारते. तुमच्या दोघींच्या त्या भांडणानंतर ती तुझं नाव काढत नाही असं तुला वाटतं ना? रोज काढते. डबी रोज पदराने पुसते. मी तालीम तिथेच थांबवली, गोळी घेतल्याचं तिच्याकडून ऐकलं, तेव्हा खाली बसलो.

डबी नव्या आवृत्तीवर आणायचा बदल एका ओळीचा आहे. मला जमेल. पण दुसऱ्याच्या यंत्राला आपण हात लावायचा नाही, मालकाला कळवायचं, हा नियम तुझाच. म्हणून रीतसर कळवतो: पहिली आवृत्ती वर्षाची मुदत संपताच बंद होईल; तुमचं एक यंत्र अजून तिच्यावर चालू आहे. घरच्या माणसासाठी मुदत वाढवून मिळणार नाही. आणि ती डबी उघडून, हातात घेऊनच बदलावी लागते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आईला अजून काही सांगितलेलं नाही.

तुझाच,
शंकेखोर भाऊ