उणं माझ्यात होतं

कोल्हापूर, १२ मार्च १९७४

सौ. कालिंदीस जयसिंगचा मायेचा आशीर्वाद.

आप्रेशन झ्याक झालं. काल टाके काढले. चालताना जरा ठणकतंय, पण काळजी करू नगंस. गाभण म्हशीला पेंड घालतीस न्हवं?

आपल्या लग्नाच्या वर्षी म्हशीनं माझ्या जांघेत लाथ घातलेली, त्यानंच तिथल्या शिरा फुगल्या व्हत्या. त्या आता डॉक्टरांनी बांधल्यात. मी भीतभीत विचारलं, "पोर हुईल का?"

ते म्हणाले, "आशा आहे. अडचण तुमच्या शिरांची होती, बायकोची नाही."

कालिंदे, हे ऐकून नाचावंसं वाटलं की गं! आणि लाजही वाटली. आई तुला वांझ म्हणायची, मी खाली मान घालून जेवायचो.

रविवारी येतोय. उंबऱ्यातच आईला सांगणार, उणं माझ्यात होतं.

तुझाच,
जयसिंग