झाडावरच्या माणसाला हाक मारावी

मी, श्रीमती आइली रुडॉल्फ कोर्पेला, वय चौऱ्याहत्तर, राहणार टॅमरॅक क्रॉसिंग, अप्पर मिशिगन, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत, आणि मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. सकाळच्या कॉफीखेरीज कसलीही नशा केलेली नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर त्याची काय गत झाली असती हे गावाला माहीत आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात क्लाइड ट्रेव्हारो याच्याविषयी जे लिहिले होते तेही रद्द समजावे. का, ते पुढे येईल.

कलम १. घर, घरामागची सौना, म्हणजे वाफेने घाम काढायची न्हाणी, आणि लाकडाची शेड माझे पती कै. रूडी यांच्या बहिणीचा मुलगा ड्वेन याला मिळावी. सौनाची चूल त्याने बदलू नये. धूर होतो, पण तिच्यासारखी ऊब नव्या चुलीला येत नाही. घर विकायचेच झाले तर वर्षातून एकदा शिकारीचे नारिंगी जाकीट घालून दक्षिणेकडून वर येणाऱ्या शहरी लोकांना विकू नये. ते पडदेसुद्धा लावत नाहीत.

कलम २. रूडीची बंदूक ड्वेनची मुलगी टेस हिला मिळावी. तिची नजर चांगली आहे आणि तिला गप्प बसता येते. आमच्या घराण्यात या दोन गोष्टी एका माणसात क्वचितच सापडतात. बंदुकीच्या दस्त्याला मोठा तडा आहे. रूडीने ती आयुष्यात कधी हातातून पाडली नाही. तो गेल्यावर पोलिसांनी बंदूक परत आणून दिली तेव्हा तडा होता आणि बंदूक रिकामी होती. गोळ्या त्यांनी काढल्या असतील, आदळलीही त्यांनीच असेल, असे मी धरून चालले. हे कलम वाचून कोणी पुढच्या पानावर घाईने जाऊ नये. तड्याचा विषय परत येणार आहे.

कलम ३. माझी नणंद डॉरिस हिला माझी पेस्टी भाजायची थाळी मिळावी. मांस-बटाट्याच्या पेस्टीत गाजर घालणे हा गुन्हा आहे, हे मी तिला जन्मभर सांगत आले. थाळी देते आहे, परवानगी देत नाही.

कलम ४. आता मचाण. खरे तर या कागदाचा खटाटोप त्याच्यासाठीच आहे.

रूडीचे मचाण म्हणजे एक लोखंडी बैठक, पाय ठेवायची जाळी, झाडाला आवळायचे पट्टे आणि चढायच्या कांड्या. त्यावरच्या पाटीवर अजून त्याचेच नाव आहे. वनरक्षक दर वर्षी म्हणतो पाटी बदला, आणि मी दर वर्षी विसरते. सरकारी जंगलात मचाणावर नाव लावावेच लागते, पण नाव लावले म्हणून जागा तुमची होत नाही. त्या सकाळी जो आधी चढेल त्याची बैठक. म्हणून मी टेसला मचाण देऊ शकते, झाड देऊ शकत नाही. झाड तिचे तिने शोधायचे.

ते कसे शोधायचे हे तिने तिच्या आजोबांकडून शिकायला हवे होते, पण रूडी गेला तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, म्हणून मी सांगते. पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि रस्त्याच्या टोकाला गाड्यांची जत्रा भरते. प्रत्येकाला वाटते, आपण खोल जावे, तिथे कोणी नसेल. आणि मग सगळे तिथेच भेटतात. रूडी हरणांच्या वाटा बघण्याआधी माणसांच्या वाटा बघायचा. कोणत्या ओंडक्यावर बुटांचा चिखल आहे, कोणी फांद्या छाटल्या आहेत, कोण कुठून दलदलीत उतरतो. एका झाडावर फार दिवस बसायचे नाही हा त्याचा नेम होता, कारण हरणे वर बघायला शिकतात. मग पट्टे सोडून मचाण पाठीवर घ्यायचे आणि दुसरे झाड शोधायचे. वारा तोंडावर हवा आणि पाठीशी दाट फांद्या हव्यात, म्हणजे आकाशावर माणसाची आकृती उठत नाही. घरून निघण्यापूर्वी तो अंगणात उभा राहून मूठभर भुसा हवेत सोडायचा आणि वारा कुठला ते बघायचा. त्याचा बालमित्र क्लाइडही तसेच करायचा. दोघांनी ते शाळेत असताना एकत्रच शिकून घेतले होते.

शेवटच्या वर्षी रूडीने मचाण खोल न नेता मागे आणले, थेट गाड्या लावतात त्या मोकळ्या जागेजवळ. मोठ्या पायवाटेच्या कडेला हेमलॉकचे एक म्हातारे झाड आहे, त्यावर.

मी म्हटले, "अरे, इथं तर अख्खं गाव तुझ्या पायाखालून जाणार!"

"जाऊ दे की. ते आत घुसले की हरणं त्यांना वळसा घालून मागं येतात. आणि मागं कोण बसलेलं असेल?"

"एक शहाणा."

"तोच," तो म्हणाला आणि माझ्या ताटातली अर्धी पेस्टी उचलून गेला.

कलम ५. आमच्याकडे एक रीत आहे. झाडावर कोणी बसलेले दिसले तर बोलायचे नाही. हात वर करायचा आणि पाय न वाजवता लांबून निघून जायचे, त्याची सकाळ नासवायची नाही. शहरी लोकांना हे जमत नाही म्हणून आम्ही त्यांना नावे ठेवतो. त्या दिवशी रूडी झाडावर मरून पडला होता, आणि आम्ही सगळ्यांनी रीत पाळली.

पडलाही नव्हता. छातीच्या पट्ट्याने त्याला खोडाशी ताठ धरले होते. नारिंगी जाकीट, टोपी, मान जराशी कललेली. सकाळी आत गेले ते हात करून गेले, जेवायला परत आले ते हात करून गेले. कोणीतरी गाडीपाशी म्हणालेसुद्धा, "रूडी आज काय बसलाय, खिळा ठोकल्यासारखा!" दिवस मावळायला आला तरी तो उतरला नाही तेव्हा ड्वेन वर चढला.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबले, उजाडण्याच्या आधीच, चढल्या चढल्या. क्षणात गेला. या शब्दावर मी उरलेले आयुष्य काढले असते.

पण क्लाइडने दुपारी त्याला हात केला होता, आणि रूडीने त्याला उलट हात केला होता.

कलम ६. दफनाच्या दुसऱ्या दिवशी क्लाइड माझ्या स्वयंपाकघरात आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला.

"आइली, डॉक्टरांचं चुकतंय. दुपारी तो होता. मी हात केला, त्यानंही केला. हळूच, वर आणि खाली."

"कुठला हात?"

"डावा."

रूडीचा डावा हात लाकडाच्या गिरणीत चिरडला होता. तो खांद्याच्या वर जात नसे. चर्चला जाताना त्याची टाय मी बांधायची.

"खोटारड्या," मी म्हटले, "नीघ माझ्या घरातून. नाहीतर म्हण की तुला नीट दिसलं नाही."

"दिसलं, आइली."

"नाही दिसलं म्हण! माझ्यासाठी म्हण!"

"खोटं कसं बोलू? तसं जमलं असतं, तर मीच आधी स्वतःला तसं सांगून झोपलो असतो."

तो गेला, आणि वीसएक वर्षे आम्ही एकाच दुकानात मीठ-साखर घेत एकमेकांकडे पाठ करून उभे राहिलो. त्याने स्वतःचे मचाण भंगारात दिले आणि पुन्हा जंगलात पाय ठेवला नाही. मी मात्र जात राहिले.

मला एकच गोष्ट हवी होती: तो केव्हा गेला? क्लाइड खरे बोलत असेल, तर रूडी दुपारपर्यंत जिवंत होता. मग ते हात करणे नव्हते, ती हाक होती, आणि त्याचा मित्र सभ्यपणे निघून गेला. डॉक्टर खरे असतील, तर तो हात कोणी उचलला? या दोन उत्तरांबरोबर मी या घरात एकटी राहिले आहे. दर वर्षी मी मचाण हलवले, सीडरच्या दलदलीपलीकडे, जुन्या रेल्वेच्या बांधावर, कुठेही, पण त्या हेमलॉकवर नाही. वर बसलेली असताना खालून कोणी हात केला की मी उजवा उचलायची. डाव्याकडे बघायची नाही. तो मांडीवरच आहे याची खात्री करून घ्यायचीसुद्धा भीती वाटायची.

कलम ७. गेल्या वर्षी मी पोचले तर माझ्या मचाणावर आधीच एक परका बसलेला. त्याचा हक्क होता. मी सवयीने हात वर केला. तो हलला नाही. मग जे मी कधी केले नव्हते ते केले.

"ए! वर कोण आहे? जिवंत आहेस का रे?"

"जिवंत?" वरून आवाज आला. "अगं म्हातारे, सकाळपासून मोठा नर हेरून बसलोय! आत्ता कुठं तो झाडीतून निघत होता, तो तुझ्या बोंबलण्यानं पळाला! डोकं फिरलंय का तुझं?"

त्याच्या शिव्या ऐकून मला इतके बरे वाटले की मी ओंडक्यावर बसून रडले. तो बिचारा घाबरून खाली उतरला आणि त्याने मला त्याच्या थर्मासमधली कॉफी दिली. शहरी होता. कॉफी पाणचट होती.

म्हणून टेसला मचाण मिळेल ते या अटीवर: झाडावर कोणी दिसले तर तिने मोठ्याने हाक मारावी आणि उत्तराची वाट बघावी. हरीण पळाले तर पळू द्यावे. उत्तर आले नाही तर चढावे. लोक तिला असभ्य म्हणतील. तिने खुशाल म्हणवून घ्यावे.

कलम ८. या सप्टेंबरात माझ्या पायांनी हात टेकले. मचाण लावायला जवळपास एकच झाड उरले होते, तोच हेमलॉक. ड्वेनने बैठक पाठीवर घेऊन वर नेली आणि मी खाली पट्टे धरून उभी होते.

"मामी, इथं एक दोरी आहे," तो वरून म्हणाला. "फांदीच्या सालीत पार रुतलीय." खाली आला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ही मीच कापली होती, मामी."

"केव्हा?"

"त्या दिवशी. बंदूक लटकत होती, खोडामागं, फांद्यांत. दुसरं टोक मामांच्या मनगटाला. डाव्या. मी चाकू घातला आणि बंदूक खाली दगडावर आदळली."

"आणि मला आज सांगतोस?"

"कोणी विचारलंच नाही गं. आणि मामांना तसं बांधलेलं मी पाहिलं, ते तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

मला रूडीची पद्धत ठाऊक होती. तो रिकामी बंदूक दोरीने वर घ्यायचा, मग गोळ्या भरायचा. डावा हात अधू, म्हणून दोरी डोक्यावरच्या फांदीवरून टाकायची, उजव्या हाताने ओढायची आणि ओढलेली डाव्या मनगटाला गुंडाळत जायची. बंदूक वरपर्यंत पोचलीच नव्हती. गोळ्या पोलिसांनी काढल्या नव्हत्या, त्या कधी भरल्याच गेल्या नव्हत्या. तो अंधारातच गेला, क्षणात. मग दिवसभर दोरीच्या एका टोकाला बंदूक आणि दुसऱ्या टोकाला त्याचा हात. वाऱ्याने फांदी हलली की बंदूक जराशी खाली आणि हात जरासा वर.

डॉक्टर खरे होते. क्लाइडही खरा होता. त्या झाडाखाली उभी राहून मी कितीतरी वर्षांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

कलम ९. क्लाइड ट्रेव्हारो याला मी काहीही ठेवत नाही. कारण राग नव्हे. साक्षीदाराला वाटा देऊ नये असे वकील सांगतात, आणि मला या कागदावर त्याची सही हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. याने वाचावा, प्रत्येक अक्षर वाचावे. माझ्या मरणाची वाट बघू नये. त्याला काही लिहायचे असेल तर ते सहीखाली लिहावे, आणि ते कोणी खोडू नये, मीसुद्धा.

या पंधरा नोव्हेंबरला ड्वेन आणि टेस मला कसेही करून हेमलॉकवर चढवणार आहेत. मी दिवसभर तिथे बसेन.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो माझ्या मनासारखा उतरला आहे म्हणून सही करते.

आइली आर. कोर्पेला
मुक्काम टॅमरॅक क्रॉसिंग, दिनांक १९ ऑक्टोबर २०१८

साक्षीदार पहिली: मार्लीन ब्यूशाँ, शेजारीण. आइलीने माझ्यासमोर सही केली. मी वाचलेले नाही, पण ती लिहिताना हसत होती आणि रडत होती. शुद्धीवर होती.

साक्षीदार दुसरा: क्लाइड ट्रेव्हारो.

आइली, सगळं वाचलं. दोनदा वाचलं. दोरीचं मला माहीत नव्हतं, आणि ड्वेन खोटं बोलणारा नाही. सही करतो. पण तू मला लिहायला लावलंस म्हणून लिहितो. त्या सकाळी मी अंगणात भुसा सोडला तो सरळ माझ्या बुटांवर पडला. दुपारी बर्फ भुरभुरत होता, तोही सरळ खाली. दिवसभर वारा नव्हता. एक पान हललं नाही.

पंधरा तारखेला मी येईन. खालूनच हाक मारीन. तू लगेच उत्तर दे.