ऑपरेटरची चूक

अल रीम आयलंड, अबू धाबी
१६ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

गेल्या महिन्यात मी तुम्हाला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा एकच गोष्ट विचारली: लियाकतभाईंसाठी चार ओळी लिहून द्याल का? पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, "हो हो, सांगलीतही उकडतंयच." दुसऱ्यांदा फोन आईकडे दिलात. तिसऱ्यांदा "बरं बरं, ठेवतो" म्हणून ठेवलात. म्हणून पत्र. वाचायला तुम्हाला अडचण नाही, चष्मा तुम्ही लावता.

रेडिओ स्टेशनच्या स्टुडिओत काचेपलीकडे अकरा वर्षं तुमच्यासमोर बसलेल्या माणसाचं सध्या काय चाललं आहे, ते आधी सांगते. फेब्रुवारीत त्यांना काढलं, त्या कागदावर कारण आहे: ऑपरेटरची चूक, प्रसारणात एक्केचाळीस सेकंद शांतता. तो कागद पाहिला की साउंडच्या कामाला त्यांना कुणी घेत नाही. ते दुबईला इंटरनॅशनल सिटीत भाच्याकडे राहतात, एका खोलीत सहा जण, आणि चोपन्नाव्या वर्षी ड्रॅगन मार्टच्या मागे टाइल्सची खोकी उतरवतात. खोर फक्कानची एक साउंडची कंपनी त्यांना घ्यायला तयार होती. अट एकच होती. स्टेशनने या महिन्याअखेर तो ठपका लेखी मागे घ्यायचा. तसं झालं नसतं तर ते पेशावरला परत जाणार होते, कायमचे. तुम्ही चार ओळी लिहिल्या असत्या तर तेवढ्यावर काम झालं असतं.

तुम्ही सांगलीत सगळ्यांना सांगता की लोकांना कान उरले नाहीत म्हणून कार्यक्रम बंद पडला. आई सांगत होती, गेल्या आठवड्यात दाराशी आलेल्या कुरियरवाल्यालाही सांगितलंत. बंद कसा पडला ते मला तारखांसकट माहीत आहे. मी आठवीत होते तेव्हा आपल्या स्टेशनवर सातही संध्याकाळी जॅझ आणि सोल वाजायचं. तुम्ही दिवसभर इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम तपासायचात आणि सहा वाजता रामचंद्रचे 'रॅम' व्हायचात. टॅक्सीवाले फोन करायचे, हॉटेलांतले पियानोवादक करायचे, एक केनियन नर्स तर ड्यूटीवरून करायची. मी इंजिनियर म्हणून तिथे लागले तेव्हा तीन संध्याकाळी उरल्या होत्या. पुढच्या वर्षी एकच राहिली, रविवारची, सहा ते आठ. बाकी सगळा वेळ कॉम्प्युटरने निवडलेली हिट गाणी. लायब्ररीतल्या चार हजार सीडी लिफ्टसमोर मांडून वर चिठ्ठी लावली, हव्या त्या न्या. चार दिवसांत बारा गेल्या, त्यांतल्या नऊ तुम्ही नेल्यात. उरलेल्यांतून सफाईवाल्या हमदुल्लाने एक पिशवी भरली आणि मुसफ्फाला त्याच्या खोलीच्या खिडकीत कबुतरं हाकलायला टांगली. "मॅडम, बहुत अच्छा चमकता है," म्हणाला. शेवटच्या वर्षी रविवारी तुम्हाला ऑनलाइन सरासरी नऊ जण ऐकायचे. त्यात एक प्रसारण तपासणारा स्टेशनचाच कॉम्प्युटर होता आणि एक मी.

आकडे सांगितले की तुम्ही चिडता. "दर्शना मोजते, ऐकत नाही," हे तुम्ही माझ्या पहिल्याच दिवशी सगळ्या स्टाफसमोर म्हणालात. लियाकतभाईंना तर रोजच काहीतरी असायचं. "लियाकत, तेरे कान तो ऊपरवाले ने चष्मा टांगने के लिए दिए हैं." सगळे हसायचे, तेही हसायचे आणि मग चष्मा खरंच काढून पुसायचे. या विनोदावर ते अकरा वर्षं हसले. मी चार वर्षं पाहिलं, आणि हसले नाही एवढंच माझं त्यातलं योगदान.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एकदा कार्यक्रमाआधी मी तुम्हाला म्हटलं होतं, हेडफोन तपासायचे आहेत, आवाज आला की हात वर करा. तुम्ही काचेपलीकडे बसलात. मी जाड आवाजापासून सुरुवात केली. तुमचा हात वर, वर, वर. मग बारीक आवाजांवर आले आणि तुमचा हात टेबलावरच राहिला. मी आवाज वाढवत गेले. शेवटी माझ्या हेडफोनमध्ये तो इतका चढला की मी एका कानावरचा बाजूला केला. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "यल्ला, सुरू कर की! किती वेळ लावतेस?" तपासणी तेव्हा संपलेली होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी तक्ता पूर्ण भरला, तारीख घातली आणि फाइल ठेवून दिली. तुम्हाला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. कळलं तर कार्यक्रम जाईल, असं मी स्वतःला कारण दिलं. ते खरं कारण नव्हतं. तुमच्यापेक्षा मला जास्त ऐकू येतं, हे मला माहीत असावं आणि तुम्हाला नसावं, यात मला समाधान होतं.

लियाकतभाईंना तक्त्याची गरज पडली नव्हती. त्यांना माझ्याआधीच कळलं होतं. गाणं संपत आलं की ते काचेआड बोट वर करायचे. तुम्हाला वाटायचं, हा माणूस उगीच घाई करतो. तुम्ही पुढचं गाणं लावायचात आणि आवाजाची पट्टी वर सरकवायला विसरायचात. मंद सुरुवातीचं गाणं असलं की तुम्हाला फरकच कळायचा नाही. ते त्यांच्या बाजूने पट्टी वर करायचे. दोन वर्षांत हे किती वेळा झालं ते रेकॉर्डमध्ये आहे. एकशे अठरा वेळा. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. मी एकदा विचारलं, का सांगत नाही? म्हणाले, "बिटिया, साहब के पास और है क्या?"

मग स्टेशनने एका ऑपरेटरला दोन स्टुडिओ दिले. त्या रविवारी ते पलीकडे सुपरमार्केटची जाहिरात रेकॉर्ड करत होते. सहा वाजून बावन्न मिनिटांनी तुम्ही गाणं लावलंत आणि पट्टी खालीच राहिली. एक्केचाळीस सेकंद सगळ्या अमिरातीत त्या स्टेशनवर काहीही नव्हतं. मग यंत्राने आपोआप एक हिट गाणं सुरू केलं. त्या वेळी तुम्ही काय करत होतात ते स्टुडिओच्या कॅमेऱ्यात आहे. डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे, उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर ताल धरत. तुम्ही न वाजणारं गाणं ऐकत होतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रोग्रॅम हेड एमानने तुम्हाला बोलावलं. तुम्ही म्हणालात, पट्टी लियाकतने वर करायची असते, त्याचं लक्ष नव्हतं, त्याला क्रिकेटची कॉमेंट्री पुरे. तांत्रिक अहवाल मी लिहिला. त्यात मी लिहिलं: यंत्रणेत दोष नाही, ऑपरेटरची चूक. बाबा, यात एक अक्षर खोटं नाही. आमच्या भाषेत त्या क्षणी ज्याचा हात पट्टीवर तो ऑपरेटर, म्हणजे तुम्ही. पण स्टेशनच्या पगारपत्रकात 'ऑपरेटर' या हुद्द्याचा एकच माणूस होता. एमान तो शब्द कसा वाचेल हे मला लिहितानाच ठाऊक होतं. मी नाव लिहू शकले असते. 'रामचंद्र' टाइप करायला किती वेळ लागतो? मी सही केली आणि जेवायला गेले. लियाकतभाईंनी अहवाल वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सही लिखा है." दोन महिन्यांनी तुमचा कार्यक्रमही गेलाच. म्हणजे त्यांचं घर देऊन मी तुमच्यासाठी आठ रविवार विकत घेतले.

तुम्ही फोन तिसऱ्यांदा ठेवलात त्या दिवशी मी ठरवलं. परवा एमानला सुधारलेला अहवाल दिला, नावासकट. सोबत एकशे अठरा नोंदी, तुमच्या कानांचा तक्ता आणि कॅमेऱ्याची ती क्लिप. तिने क्लिप दोनदा पाहिली. मला लेखी ताकीद मिळाली. संध्याकाळपर्यंत ठपका मागे घेतल्याचं लियाकतभाईंचं पत्र तयार होतं. ते सोमवारी खोर फक्कानला रुजू होतात. मी फोन केला तेव्हा त्यांनी आभार मानले नाहीत. एवढंच विचारलं, "साहब को मालूम है?" मी म्हटलं, अजून नाही. म्हणाले, "तो पहले उनको बता. किसी और से सुनेंगे तो मर जाएँगे."

उशीर झाला आहे. ती क्लिप ऑफिसातून कुणीतरी बाहेर पाठवली. आज सकाळी मला ती इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आली. वर लिहिलं होतं, 'ओळखा पाहू, रॅमकाका कोणतं गाणं ऐकतायत?' खाली साठ उत्तरं आहेत आणि बरेच हसरे चेहरे. एकाने भीमसेनी कापूर लिहिलं आहे, त्यात विनोद काय ते मला कळलं नाही. सांगलीच्या कुणाकडून आज-उद्या ती तुमच्याकडे येईलच, आणि तुम्ही ती आधी बघू नये म्हणून हे पत्र मी फोटो काढून आईच्या मोबाइलवर पाठवते आहे. क्लिपमध्ये आवाज नाही. आईला आवाज वाढवायला सांगू नका. त्या रविवारच्या गाण्यांची यादी माझ्याकडे आहे. तुम्ही लावलेलं गाणं मी काल क्लिपखाली जोडलं आणि पहिल्या ठोक्यापासून तपासलं. एक्केचाळीस सेकंदांत तुमची बोटं एकदाही चुकलेली नाहीत, एका ठोक्यानेही नाही. ग्रुपवर हे मी लिहिलेलं नाही.

तुमचीच,
दर्शना