जावयाचे सोवळे धोतर

कार्तिक व. ३, बुधवार. ठाणे.

संपादकांचे पत्र. गेल्या वर्षी चातुर्मासात छापलेल्या माझ्या वीर्यरक्षणावरील लेखास अजून पत्रे येताहेत, तरी उत्तरार्ध लिहावा, अशी विनंती. मिठागरांच्या प्रश्नावर मी त्यांना बारा पत्रे धाडली. दोन छापली, तीही कापून. शुक्रावर एकच लिहिले तर महाराष्ट्र जागा झाला. सही अर्थात ‘एक हितेच्छु’. लेख काढून पुन्हा वाचला. सात धातूंची उतरंड, रक्ताच्या किती थेंबांचा तो एक थेंब, तो गेला की तेज गेले, स्मृती गेली, आयुष्य गेले. समास गाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक. चांगला आहे. कोणी नाही म्हटले तरी मी म्हणतो.

विनू (थोरल्या बहिणीचा मुलगा, आमच्याकडे राहून परीक्षा देतो, दोनदा आपटला, वय वीस) चार दिवस नीट जेवत नाही. तिसऱ्या आपटीचे सुतक आगाऊ धरले असावे.

व. ५, शुक्रवार.

जावई आले. बळवंतराव. कल्याणास मालधक्क्यावर कारकून. द्वारकीला न्यायला. ती चैत्रात बाळंतपणास आली; वैशाखात बाळ झाले; तिसऱ्या दिवशीच त्याचे डोळे चिकटले, पू येऊ लागला, म्हणून राहिली. आता सहा महिने झाले. उजव्या डोळ्यावर पांढरा पडदा. दृष्ट काढून झाली, अंगावरचे दूध घालून झाले, सौ.चे काजळ झाले. द्वारकीचेही काही धड नाही. ओटीपोट दुखते, अंगावर पांढरे जाते. एकवीस वर्षांची पोर चाळिशीची दिसते. तरी व. १३ ला निघायचे ठरले. अवसेच्या आत.

बळवंतरावांनी आठ दिवसांची रजा काढली आहे. ‘ऑफिसात बसवत नाही,’ म्हणाले, ‘उन्हाळी लागलीय.’ सौ.ने लगेच सब्जा भिजत घातला. मी म्हटले, ‘कार्तिकात उन्हाळी! ऋतुचर्या जावयांना लागू नाही वाटते.’ ते हसले नाहीत. सासऱ्याच्या विनोदाला न हसणारा जावई प्रथमच पाहिला.

माणूस मात्र सोवळ्याचा कडक. आपले धोतर आपण विहिरीवर धुतात, परसात वेगळ्या काठीवर वाळत घालतात, कोणाला शिवू देत नाहीत. सौ. शेजारणींना कौतुकाने सांगत होती: ‘एवढा शिकलेला, पण आचार सोडला नाही हो.’ मलाही बरे वाटले. आमच्या घरात एवढे सोवळे मी स्वतः पाळत नाही.

व. ६, शनिवार.



विनू दुपारी खोलीत आला. दार लावले. ‘मामा, आईला बोलावून घ्या. मी फार दिवसांचा नाही.’

मी थट्टा करणार होतो. चेहरा पाहून त्याला जवळ बसवले. पंधरवड्यात दोनदा झोपेत धोतर भिजले. शौचास जोर केला की पुढून पांढरट थेंब येतो. कधी नुसता मनात विचार आला तरी चिकट पाणी येते. हे वर्षभर चालू आहे. ‘सगळा धातू चाललाय, मामा.’ तूप सोडले, मग तूप धरले, मग कोणा वैदूकडचे भस्म गुपचूप खाल्ले, त्याने तोंड आले. पाठांतर होत नाही, कारण स्मृती गेली. काल तलावाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो होतो, म्हणाला. का बसला होतास ते विचारायचे मला धैर्य झाले नाही.

मग कोपरीच्या खिशातून कागदाची घडी काढली. माझा लेख. घड्यांवर फाटलेला, मागून खळीने चिकटवलेला. ‘हे वाचून कळलं. नाहीतर मला वाटायचं, सगळ्यांनाच होतं.’ आणि वर, ‘कोणी मोठा विद्वान असला पाहिजे, नाही मामा?’

मी म्हटले, असेल.

व. ७, रविवार.

विनूला घेऊन डॉक्टर माधवरावांकडे. माझे जुने स्नेही. मला चिडवायला शास्त्रीबुवा म्हणतात. त्यांनी विनूला नीट तपासले, जळजळ होते का, दुखते का, डाग पिवळा असतो का, सगळे विचारले. सगळ्याला नाही. मग हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

‘हे बघ, आपला तलाव भरला की सांडव्यावरून पाणी जातं ना? तलाव फुटला म्हणून कोणी बोंब मारतं? झोपेत जातं ते तेच. मनात विचार आला की स्वच्छ चिकट पाणी येतं, तेही व्हायचंच. जोर केल्यावर थेंबभर पांढरट, तेही कोणाकोणाला. बाकी काही दुखत नाही ना? मग हा रोग नाही. मलासुद्धा होत असे. तुझ्या मामाला विचार.’

विनूने माझ्याकडे पाहिले. माझे सगळे संस्कृत त्या क्षणी संपले. मान हलवली. खरेच आहे. मीही त्याच्या वयात वेदपाठशाळेत महिनाभर असाच मरायला टेकलो होतो, आणि पुढे ते साफ विसरून लेख लिहिला.

विनू रडला. मग म्हणाला, ‘भूक लागलीय.’

त्याला बाहेर पाठवून मी सहज म्हटले, ‘मग रोग तो कोणता?’ डॉक्टर बोटांवर मोजीत सांगू लागले: पिवळा, हिरवट, पुवासारखा दाट स्राव, लघवीला आग, कपड्यावर कडक डाग, कधी अंडाला सूज, कधी ताप. ‘परमा म्हणतात तो. तो अंगचा नसतो, बाहेरून आणलेला असतो. लोक त्याला उन्हाळी म्हणतात, सब्जा पितात, आग थांबली की बरं झालं समजतात, आणि घरी बायकोला देतात. ती बिचारी पोट धरून बसते, अंगावर जातं ते धुपणी म्हणून औषधं खाते. बाळंत झाली की जन्मतानाच ते पोराच्या डोळ्यांत जातं. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी डोळे पुवाने…’

पुढचे ऐकले नाही. म्हणजे ऐकले. लिहीत नाही.

व. ८, सोमवार.

सौ. देवळात, द्वारकी बाळाला घेऊन ओसरीवर, बळवंतराव बाहेर. परसात गेलो. काठीवरचे धोतर उलटून पाहिले.

धुऊनही गेले नव्हते. पिवळे, कडेला हिरवट, खळ घातल्यासारखे कडक. एक नाही, पुष्कळ.

मागून देवळातून परतलेली सौ.: ‘अहो, शिवलात की! त्यांचं सोवळं ना ते!’

मी म्हटले, चूक झाली. हात धुतले. पुन्हा धुतले. ती हसून म्हणाली, ‘एवढं काय धुता, जावयाचंच तर धोतर.’

व. ९, मंगळवार.

मिठागरांच्या कामाचे निमित्त करून जवळच्या कोपरी गावी गेलो. रखमा सुईण तिथलीच, आगऱ्याची म्हातारी. द्वारकीचे बाळंतपण हिनेच केले. मीठ ओढून ओढून घोटे पांढरे झालेले. मला पाहून उठली नाही.

‘आता आलाव व्हय? मी तवाच सांगलेलं तुमचे बायकोला. पोराचं डोलं धुवाचं नंतर, पयला बापाला इचारा. तर माझेवर खेकसली, बामणाच्या घरात असलं तोंड उघडू नको म्हनली. पुन्ना बोलावलीच नाय.’

‘तुला कसं कळलं?’

‘पन्नास सालां पोरां काढतंय मी, दादा. आमचेकडं बी हाय ना ती घान. पन आमी तिला सोवलं नाय म्हनत.’

सोवळ्या धोतराचे कोपरीपर्यंत कसे पोचले? सौ.ने शेजारणींना सांगितले. कौतुकाने.

व. १०, बुधवार.

बळवंतरावांना तलावाकडे फिरायला नेले.  घाटावर माणसे होती म्हणून पुढे पिंपळापर्यंत गेलो. सरळच विचारले. आधी ‘उष्णता आहे’. मग ‘धक्क्यावर उन्हात उभं राहावं लागतं’.  मग, ‘मुंबईस. मित्रांबरोबर. गेल्या वर्षी आषाढात.’

‘एकदाच?’

ते पिंपळाचे एक पान चुरगळू लागले.

‘द्वारकी चैत्रापासून इथे आहे. आत्ताची ही आग कुठली?’

त्यांनी ते पान पाण्यात टाकले. हा माणूस मला आवडत होता. अजूनही पुरता नावडत नाही, याची चीड येते.

‘पहिल्या वेळीच डॉक्टरकडे का गेला नाहीत? तेव्हा द्वारकीला दिवस जेमतेम गेले होते.’

तेव्हा त्यांनी प्रथम वर पाहिले. ‘जाणार होतो. तेवढ्यात आपला लेख आला.’

‘माझा?’

‘आपलाच ना? सासऱ्यांची भाषा ओळखणार नाही का मी? त्यात होतं, कोणताही स्राव म्हणजे धातूचा क्षय. वैद्य-डॉक्टरांच्या दारी फिरून लाज घालवू नये, दूध-तूप खावं, मन शांत ठेवावं, आपोआप थांबतं. मी तसंच केलं. आग थांबलीसुद्धा. मला वाटलं, बरा झालो.’

दार आणि लाज यांचा तो मेळ मला फार आवडला होता. ओळ पाठ आहे.

एकच कागद. धडधाकट पोराला पायऱ्यांवर नेऊन बसवले, आणि रोग्याला घरी. मधल्या मध्ये एका तान्ह्याचा डोळा. पेशव्यांच्या वेळी असे एका बाणात तीन मारणारे होते म्हणतात, मी टाकानेच.

विनोद सुचतो आहे, याची लाज वाटते.

ब. रा. इतकेच म्हणाले, ‘तिला सांगणार?’

व. ११, गुरुवार. एकादशी.

सकाळी ब. रा. डॉक्टरांकडे गेले, मी फक्त दारापर्यंत सोबत. औषध, पिचकारी, दारू वर्ज्य, आणि महिनोन्महिने बायकोपासून दूर. बरे होईल का? ‘खात्री देत नाही,’ डॉक्टर म्हणाले. ब. रा. दुपारच्या गाडीने कल्याणास गेले. व. १३ ला सकाळी येतो म्हणाले. न्यायला की विचारायला, ते नाही सांगितले.

मग बाळाला नेले. उजवा डोळा गेला. डाव्याशी डॉक्टरांनी मेणबत्ती हलवली. बाळ मेणबत्तीमागे मान वळवू लागले. तीनदा करून पाहिले. तीनदा वळली.  द्वारकीला तपासले पाहिजे, बाई डॉक्टर मुंबईस आहे, तिकडे न्या. आणि कल्याणास पाठवण्याचे? ‘ते औषधात येत नाही, शास्त्रीबुवा.’

सौ.ला सांगितले.  तिने उठून सब्जाचे भांडे परसात ओतले. मग, ‘रखमाला मी हाकलली हो.’

विनूलाही सांगितले, लेख कोणाचा ते. आ वासला. ‘तुम्ही? मग तो विद्वान…’ एवढेच म्हणाला. उपास असून दोनदा साबुदाणा घेतला.

व. १२, शुक्रवार.

संपादकांना उत्तर लिहायला बसलो. ‘उत्तरार्ध पाठवीत आहे, तो पूर्वार्ध खोडणारा आहे, खऱ्या नावाने छापावा.’ खाली साध्या मराठीत, एकही समास न घालता: झोपेत जाते ते काय, आग होऊन पिवळे येते ते काय, पहिल्याला भिऊ नये, दुसऱ्याला झाकू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, बायकोला सांगावे. या शेवटच्या दोन शब्दांवर टाक थांबला. जगाला सांगतो आहे. खऱ्या नावाने छापले तर कल्याणला ओळखतील, जावई कोणाचा. न छापले तर आणखी कोणाचा तरी विनू पायऱ्यांवर.

घरात ट्रंक उघडी आहे. लुगडी घालून झाली, बाळाची दुपटी वर. सौ. बांधू देत नाही आणि का ते सांगत नाही. द्वारकी दोनदा दारात येऊन गेली.

आता तिसऱ्यांदा आली आहे. बाळ कडेवर. लहानपणी मीच तिला अक्षरे शिकवली, म्हणून मेजावरचा कागद ती उलटा असला तरी वाचू शकते. मी तळवा ठेवला त्यावर.

‘अण्णा, मी ट्रंक बांधू की सोडू, ते नंतर सांगा. आधी एवढंच सांगा. लग्नाला चार वर्षं झाली, पहिली अडीच वर्षं ह्यांचं धोतर मीच धूत होते. गेल्या वर्षीच्या आषाढापासून मला का शिवू देत नाहीत?’

बाळ मान वळवून खिडकीकडे पाहते आहे. डाव्या डोळ्याने.

बस, म्हटले. बसली. तळवा उचलतो आहे.