बोटीला कशाला हवा वेगळा विमा?

१२ मे
बोट आली! लाल-पांढरी, फायबरची, मोटारवाली. सेकंडहँड, पण रुबाब नव्याचा. दारात जीपमागं ट्रेलरवर उभी आहे. नृसिंहवाडीच्या संगमावर भाविकांना फेरी मारायची, रविवारी आपण हिंडायचं. बायकोची दुभती म्हैस विकून घेतली, म्हणून घरात सुतक. बाळाबाईला दूरदृष्टी नाही. गोठ्यात एक भाकड आहे की अजून!

१९ मे
शेजारच्या ख्वाजाभाईंची पोरगी शबनूर आली होती. विमा एजंट झालीय. मामा, बोटीची वेगळी पॉलिसी काढा की, म्हणाली. मला हसू आलं. जीपचा विमा फुल आहे. जीपला जे अडकवलं ते जीपचंच. म्हशीच्या शेपटीचा कुणी वेगळा विमा काढतं का? न्हाय मामा, तसं नसतंय, म्हणाली. गाढवाला गुळाची चव काय!

२ जून
शबनूरचे तीन फोन. उचलले नाहीत. लोकांना भीती घालून पोट भरायचं, हा काय धंदा झाला? तरी जीपची पॉलिसी स्वतः वाचायला घेतली. अक्षर बारीक. दुसऱ्या पानावर डोळा लागला. माझंच बरोबर आहे.

१५ जून
पहिली फेरी. मधोमध इंजिन बंद. गल्लीतल्या गणपतरावानं त्याच्या वल्ह्याच्या नावेतून येऊन ओढून काठाला लावलं. पेट्रोलच भिकार मिळतं हल्ली.

२४ जुलै, दुपारी ३
पुराचं पाणी गल्लीच्या तोंडाशी. गाव जनावरं घेऊन शाळेकडं पळतंय. भित्री जमात. गणपतराव म्हणाला, आकाराम, माझी नाव वाहून गेली, बोट सोड, म्हातारीला न्यायचं हाय. मी साफ नाही म्हटलं. हुक सुटला की विमा सुटला, एवढं साधं कळत नाही लोकांना. बोट ट्रेलरला, ट्रेलर जीपला, वरून साखळी. तीन कुलपं. बाळाबाई म्हणाली, अवो, बोट हाय न्हवं ती, सोडा की, तरंगंल! बायकांना कायदा सांगून उपयोग नाही.

२५ जुलै, सकाळी ८. शाळेचा वरचा मजला
गुळाच्या काहिलीतून आलो. होय, गूळ शिजवायच्या कढईतून. गणपतरावानं आधी आईला पोचवलं, मग आम्हाला न्यायला आला. म्हैस मागून पोहत आली. काहिलीतून बघितलं. बोट वर यायला धडपडत होती, साखळी सोडत नव्हती. नाक वर केलं, भरली, गेली. पुरात बोट बुडालेली गावानं पहिल्यांदाच बघितली म्हणे. फिदीफिदी हसत होते. मला रडू आलं. पावसामुळं कुणाला दिसलं नाही.

९ ऑगस्ट
विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. जीपचं बघू म्हणाला. बोटीचा संबंध नाही. ही जीपला बांधली कशाला, असं दोनदा विचारलं. मी शेपटीचा मुद्दा मांडला. त्यानं लिहूनसुद्धा घेतला नाही. अडाणी. शबनूर शेजारी उभी राहून त्याला जीपचे कागद लावून देत होती. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१७ ऑगस्ट
बोटीच्या बुडाला हातभर चीर. बाळाबाईनं चार बायका जमवून ती गोठ्यात ओढून नेली, तिच्यात वैरण टाकली. म्हैस त्यात तोंड घालून खात होती. म्हटलं, ही माझी बोट आहे. बाळाबाई म्हणाली, म्हशीला ईचारा.
विचारलं नाही. शेण काढलं.