पिळ्ळैयारभोवती पंधरा मिनिटं

६ जानेवारी, सोमवार

धावणं माझ्या गळ्यात पडलं! सूर्यनारायण सरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं — तिसरी-चौथीची मुलं रोज सकाळी प्रार्थनेआधी पंधरा मिनिटं पटांगणात धावणार, एक टीचर हजर पाहिजे. सगळ्या जणी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मी एकटीच खुळ्यासारखी सरांकडे बघत राहिले. झालं! चोपन्नावं वर्ष, गुडघे कुरकुरतात, आणि मी धावण्याची बाई.

सर हेडमास्तर म्हणून चांगले, पण लबाड. हे इथं बिनधास्त लिहिते. वही स्टाफरूमच्या टेबलावर उघडी राहिली तरी देवनागरी वाचणारं या तमिळ शाळेत दुसरं आहे कोण? अप्पांनी लहानपणी कान धरून शिकवली, ती अशी उपयोगी पडते.

९ जानेवारी, गुरुवार

चाळीस मुलं, ऐंशी पाय, आणि धूळच धूळ. पटांगणाच्या मधोमध पिंपळ आणि त्याखाली पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती. मुलं त्याला उजव्या हाताला ठेवूनच धावतात. दर फेरीला त्याच्यासमोर आली की थांबायचं, कान धरून तीन उठाबशा, की पुन्हा पळ! मी म्हटलं, शेवटी एकदाच घाला की. कार्तिकेय म्हणाला, "मिस, तो बघत असतो."

हा कार्तिकेय चौथीतला, सगळ्यांत वेगवान. नाव पडलं पिळ्ळैयारच्या भावाचं, इकडे तो धाकटा मानतात, म्हणून बाकीचे चिडवतात — तू कितीही पळ, जिंकणार थोरलाच. तो रोज चिडतो आणि रोज अजून जोरात पळतो.

एकच मुलगी धावत नाही. माझ्या तिसरीतली सौम्या. कट्ट्यावर बसून सगळ्यांच्या चपला राखते. नुसती राखत नाही, जोड्या लावून ठेवते — लहान आधी, मोठ्या नंतर. विचारलं तर म्हणते, आजी नको म्हणते. वर माझीच समजूत घालते, "मला चपला आवडतात, मिस." चपला कुणाला आवडतात?

१० जानेवारी, शुक्रवार

सौम्याची फाइल काढून बघितली. दीड वर्षाची असताना चेन्नैला हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. त्याच फाइलीत गेल्या जूनमधलं डॉक्टरांचं पत्र — मूल पूर्ण बरं आहे, सगळे खेळ चालतील, धावणंसुद्धा. दोनदा वाचलं. तिच्या आईला, गायत्रीला, फोन केला. ती कुंभकोणमला बँकेत, नवरा दुबईला. म्हणाली, पत्र खरं आहे, आम्हा दोघांची काही हरकत नाही, पण दिवसभर मूल सासूबाई सांभाळतात. त्यांना तुम्हीच सांगून बघा, टीचर. मी सांगून थकले.

बरं. सासूबाई तर सासूबाई.

२२ जानेवारी, बुधवार

पोंगलची सुट्टी संपली. आज शाळा सुटताना वेंकूबाईंना गाठलं. सौम्याची आजी. आमच्यातल्याच, मराठी, मेल वीधी नावाच्या गल्लीतल्या. सत्तरीच्या, ताठ, बोलणं तोलून मापून. मी डॉक्टरांचं पत्र पुढे केलं. त्यांनी हातातही घेतलं नाही.

"कागद धावत नाही, टीचर. पोर धावते."

मग त्याच हळूहळू बोलत्या झाल्या. ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर सहा तास उभ्या होत्या. पोर वाचली तर पिळ्ळैयारला एकशेआठ प्रदक्षिणा घालीन, असं बोलल्या. मग गुडघे गेले, आणि नवस राहिला तो राहिलाच. हे सांगताना पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला! म्हटलं, शाळेत पिळ्ळैयार आहे, सौम्यालाच घालू द्या की प्रदक्षिणा. रोज सकाळी थोड्या थोड्या. नवस तिच्यासाठीच होता ना? त्यांनी मान हलवली. "घालू दे. चालत."

चालत. मी हो म्हटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

पटांगणाची मोठी फेरी म्हणजे पिळ्ळैयारला प्रदक्षिणाच झाली की नाही? सौम्याला तेच सांगितलं. दोन दिवस चालली. बाकीचे भुर्रकन जातात, ही आपली हात जोडून एकटी. माझाच जीव खालीवर.

२८ जानेवारी, मंगळवार

आज भरभर चालली. फारच भरभर.

३० जानेवारी, गुरुवार

धावली! कार्तिकेय शेजारून जाताना काहीतरी म्हणाला आणि ही सुटलीच. वेण्या मागे, तोंड उघडं, हात कसेही. अशी वेडीवाकडी धावणारी मुलगी मी आजवर पाहिली नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. फेरी संपवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, धापा टाकत, भीत भीत. मी पाठीवर हात ठेवला. आत धाडधाड चाललं होतं, जसं धावलेल्या कुठल्याही पोरीचं चालेल तसं. मला रडूच आलं. धूळ गेली म्हणाले.

"आजीला सांगणार?" तिनं विचारलं.

म्हटलं, प्रदक्षिणाच आहे ना? मग सांगायचं काय त्यात. — हे मी बोलले. तिसरीच्या मुलांना खोटं बोलू नका म्हणून रोज शिकवणारी मी!

४ फेब्रुवारी, मंगळवार

शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातून संगीता नावाची मुलगी आली आहे. आठवडाभर मुलांच्या कमरेला पट्टे बांधणार. पट्ट्यात काड्यापेटीएवढं यंत्र — कोण किती हललं, किती जोरात, सगळं नोंदतं. मुलांना वाटलं पोलिसांचा पट्टा. आज चाळीसच्या चाळीस जण ताठ चालत होते.

संगीताला मुलं उलट्या बाजूनं धावायला हवी होती, डाव्या हाताला वळत. स्टेडियममध्ये तसंच धावतात म्हणे. शिट्टी वाजवली. एकही पोर हललं नाही! पिळ्ळैयारला उलटी प्रदक्षिणा? परीक्षा तोंडावर आलेली असताना? बिचारीनं दोनदा समजावलं, मग स्वतःच हसून सोडून दिलं. दुपारी आकडे घेऊन आली आणि विचारलं, मॅडम, यांना दम लागतो का? दर फेरीत सगळे मध्येच थांबून वरखाली होतात. मी तिला उठाबशा दाखवल्या. स्वतः घालून! गुडघे अजून ठणकताहेत.

सौम्यालाही पट्टा हवा होता. मीच बांधला. सैल होत होता म्हणून एक भोक जास्तीचं पाडून.

८ फेब्रुवारी, शनिवार

काय होऊन बसलं हे.

आज पालकसभा. संगीतानं भिंतीवर आकडे दाखवले, तमिळमध्ये छान समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, पंधरा मिनिटांत सर्वांत जोमानं धावणारं मूल कार्तिकेय असेल असं सगळ्यांना वाटत होतं, पण तो पहिल्या दोन फेऱ्यांतच दमतो. यंत्र म्हणतं, न थकता पूर्ण वेळ धावणारी एकच. तिसरीतली सौम्या! टाळ्या. सर तर उभे राहून.

वेंकूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या संपू दिल्या. मग शेजारी बसलेल्या नातीला विचारलं, "धावत्येस?" तिनं मान डोलावली. तिचा हात धरून त्या उठल्या आणि दाराकडे गेल्या. माझ्याकडे एकदाच बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सौम्या आली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. गायत्रीचा फोन — सासूबाई तिला पाठवत नाहीत, माझ्याशीही बोलत नाहीत. शाळा बदलायचं म्हणतात. टीचर, तुम्ही मला तरी सांगायचं होतं.

खरंच. तिला तरी सांगायचं होतं. डॉक्टरांचा कागद खरा, मुलीचं धावणं खरं, मग मी काय चुकीचं केलं, असं चार दिवस स्वतःला समजावत्येय. पटत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मेल वीधीला जाऊन आले. वेंकूबाईंनी कॉफी दिली. आधी कॉफी, मग बोलणी — आपल्या लोकांचं हे एक बरं असतं. सौम्या आतल्या दारामागून बघत होती.

मी माफी मागितली. पत्राचं वगैरे काही काढलं नाही. ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "नुसती धावली असती तर मी भांडले असते, चार दिवसांनी विसरले असते. तुम्ही देवाच्या नावावर धावायला लावलीत."

मग त्यांनी प्रदक्षिणा म्हणजे काय ते सांगितलं. दिवस भरलेल्या बाईनं तेलानं काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालावं, तसं चालायचं. खाली बघत, एकेक पाऊल. पळत घातलेली प्रदक्षिणा देव धरत नाही. म्हणजे सौम्याच्या सगळ्या फेऱ्या फुकट. नवस होता तिथंच, शिवाय देवाला फसवल्याचं पाप वर. आणि ज्या पोरीसाठी नवस बोलल्या तिच्याच हातून! ऑपरेशनच्या दाराबाहेर उभ्या असताना होतं तेच भय त्यांच्या डोळ्यांत होतं. मला हे आधी दिसलंच नव्हतं. मला म्हातारीचा हट्ट दिसत होता.

म्हटलं, चूक माझी, नवस मी फेडते. एकशेआठ. तुम्ही म्हणाल तशा.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग अटी सांगितल्या. रोज बारा, नऊ दिवस. पिंपळाच्या पाराला लागून. बोलायचं नाही. नजर स्वतःच्या पायांवर, मान वर झाली की ती फेरी बाद. मोजायला त्या स्वतः येऊन कट्ट्यावर बसणार. आणि नवस फिटेपर्यंत सौम्या त्यांच्या शेजारी.

फिटल्यावर धावू द्याल? मी विचारलं.

"मग बघू," म्हणाल्या. गायत्री सांगत होती, त्यांचं 'मग बघू' म्हणजे नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बारा झाल्या. मुलांवर लक्ष ठेवायला सर स्वतः उभे राहिले, माझ्याकडे बघून मिशीत हसत. हळू चालणं धावण्यापेक्षा अवघड आहे! चौथ्या फेरीला पोटऱ्या बोलायला लागल्या. मुलं भोवतीनं पळताहेत, मी मध्ये मुंगीसारखी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कुणीतरी धपकन पडलं, मी झटकन वर बघितलं. कट्ट्यावरून आवाज — "बाद." पडलेला उठून पळालासुद्धा! मला मात्र ती फेरी पुन्हा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साठ झाल्या. संपल्यावर सौम्याजवळ जाऊन बसले. आजीला चिकटून बसली होती, पण पाय खाली सारखे हलत होते. चपलांना आज हातही लावला नव्हता तिनं. वेंकूबाईही त्या पायांकडे बघत होत्या. माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, एवढंच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज चालताना पहिल्यांदा मनात काही नव्हतं. सर नाहीत, परीक्षा नाही, पत्र नाही. खरंच तेलाची घागर असल्यासारखी चालले. नवसावर माझा फारसा विश्वास नाही, अजूनही नाही. पण सहा तास दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, ते थोडंसं कळलं. त्या बाईला मी बगल दिली याची आज खरी लाज वाटली, आणि वाटली ते बरं झालं.

पण सौम्या धावणार का? तेवढं एक मनातून जात नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शहाण्णव. पायाला फोड. उद्या शेवटच्या बारा, मग ते 'मग बघू'. काय बोलायचं ते पाठ केलंय. भांडण नाही करायचं. हात जोडायचे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एकशेआठ झाल्या. मान वर केली. कट्ट्यावर वेंकूबाई एकट्याच! पाठ केलेलं सगळं विसरून विचारलं, सौम्या कुठंय?

त्यांनी पटांगणाकडे बोट केलं.

"मंगळवारपासून धावत्ये. तुमच्या बारा व्हायच्या आत येऊन बसायची. एकदा जरी मान वर केली असतीत, तर दिसली असती."